विदर्भात राहून जुनी डिझेल इंजिनं पाहायची तर

अकोट तालुक्यातल्या एका कॉलेजच्या विद्यार्थ्यानं विचारलं आहे: इंग्लंडमध्ये जुनी डिझेल इंजिनं जोडून सहलीच्या खास गाड्या काढतात, त्यांचे व्हिडिओ मी पाहतो. आपल्या भागात राहून असं काही पाहायला मिळेल का? कुठं उभं राहायचं? आणि समोरून गेलेलं इंजिन जुनं, जपण्यासारखं आहे हे ओळखायचं कसं?

सरळ उत्तर आधी देतो. विदर्भातून जाणाऱ्या पर्यटन गाडीच्या पुढे जुनं डिझेल इंजिन दिसेल ही आशा धरू नका. डेक्कन ओडिसी असो की भारत गौरव योजनेतली यात्रा गाडी, डबे कितीही देखणे असले तरी पुढे बहुतेक वेळा रोजचंच विजेवरचं इंजिन असतं. मध्य रेल्वेचे ब्रॉडगेज मार्ग २०२३ च्या सुरुवातीपर्यंत सगळे तारांखाली आले, त्यामुळे डिझेल लावायचं कारणच उरलं नाही. पण म्हणून विषय संपत नाही. जुनं डिझेल इंजिन, खऱ्या चढावर, डबे भरून माणसं घेऊन आजही धावतं, आणि त्यातलं एक तर तुमच्याच अकोटच्या रुळांवर वर्षानुवर्षं धावलेल्या जातीचं आहे. त्याकडे येतोच.

इंग्लंडमध्ये ही आवड इतकी का रुजली ते आधी पाहू. तिथं मुख्य मार्गांवरची वाफेची इंजिनं १९६८ मध्ये संपली. म्हणजे आज पन्नाशी-साठीत असलेला तिथला माणूस लहानपणी फलाटावर उभा राहिला तेव्हा त्याच्यासमोर आलं ते डिझेल. त्याच्या आठवणीतलं इंजिन तेच. लंडनहून एडिंबराकडे धावणारी ‘डेल्टिक’ इंजिनं फक्त २२ बनली, १९६१-६२ मध्ये. प्रत्येकात अठरा-अठरा सिलिंडरची दोन यंत्रं, मिळून ३,३०० अश्वशक्ती. सिलिंडरांची रचना त्रिकोणी, त्यामुळे आवाज जगावेगळा. १९८२ च्या जानेवारीत त्यांची शेवटची निरोपाची गाडी निघाली. त्यातली सहा आज शिल्लक आहेत, आणि त्यातली काही तर हौशी लोकांनी संस्था काढून, वर्गणी जमवून विकत घेतलेली आहेत. इंजिन विकत घ्यायचं, दुरुस्त करायचं, मुख्य मार्गावर धावण्याची परवानगी मिळवायची आणि त्याच्यामागे बसायला लोकांनी तिकीट काढायचं, अशी ती साखळी आहे.

आपल्याकडे ही साखळी पहिल्याच कडीला तुटते, कारण डिझेलला वारसा मानायलाच आपण तयार नाही. वाफेचं इंजिन म्हटलं की सगळे हळवे होतात. डिझेल म्हटलं की धूर, काजळी आणि भंगार. मला हे फार खटकतं, आणि त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण आपल्याच घरचं आहे. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जायची ती अरुंद रुळांवरची गाडी, शकुंतला. यवतमाळची बाजू ११३ किलोमीटर, अचलपूरची ७६. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन तिच्यापुढे होतं, ते १५ एप्रिल १९९४ ला उतरवलं आणि डिझेल लावलं, ही गोष्ट मूर्तिजापुरात कुणालाही विचारा, सांगेल. वाफेच्या इंजिनाचे फोटो, बातम्या, परदेशी पाहुणे, सगळं नोंदलं गेलं. पण त्यानंतर तिला ओढलं कुणी? कापसाच्या दिवसांत, पावसात, फाटकं उघडायला गाडीवरचीच माणसं खाली उतरायची त्या काळात, दोन दशकं तिला ओढलं ते डिझेलनं. त्या इंजिनांचे नंबर आज किती जण सांगू शकतील? तुमच्या-माझ्या पिढीनं जी शकुंतला प्रत्यक्ष पाहिली ती डिझेलचीच होती. तरी तिचा उल्लेख निघाला की सगळे वाफेवर जातात.

आता ओळखण्याकडे. सुरुवात इंजिनाच्या अंगावर लिहिलेल्या अक्षरांपासून करा, कारण ती एकदा कळली की अर्धं काम झालं. पहिलं अक्षर रुळांच्या रुंदीचं: डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, वाय म्हणजे मीटरगेज, झेड म्हणजे अडीच फुटी नॅरोगेज, एन म्हणजे दोन फुटी. दुसरं डी, म्हणजे डिझेल. तिसरं कामाचं: एम मिश्र कामाचं, पी प्रवासी, जी मालगाडीचं, एस शंटिंगचं, म्हणजे यार्डात डबे इकडून तिकडे हलवण्याचं. म्हणून डब्ल्यूडीएम-२ म्हणजे ब्रॉडगेजचं मिश्र कामाचं डिझेल, वायडीएम-४ म्हणजे अकोला–खंडवा मार्गावरचं मीटरगेजचं, आणि शकुंतलेची, नागपूर–छिंदवाड्याची ती झेडडीएम.

यातलं डब्ल्यूडीएम-२ हे भारतीय डिझेलचं मूळ पीठ समजा. अमेरिकेतल्या अल्को कंपनीचा आराखडा, सोळा सिलिंडर, २,६०० अश्वशक्ती, वजन ११२.८ टन. पहिली इंजिनं १९६२ मध्ये अमेरिकेतून आली आणि जानेवारी १९६४ मध्ये वाराणसीच्या कारखान्यातून पहिलं देशी बनावटीचं बाहेर पडलं. गंमत बघा, अल्कोनं स्वतः १९६९ मध्ये इंजिनं बनवणं थांबवलं, पण वाराणसीला त्याच घराण्याची इंजिनं त्यानंतर चार दशकं बनत राहिली, शक्ती वाढवत वाढवत. ३,१०० अश्वशक्तीची डब्ल्यूडीएम-३ए आणि मालगाडीची डब्ल्यूडीजी-३ए, मग ३,३०० ची डब्ल्यूडीएम-३डी. ही सगळी अल्कोची लेकरं. याच्या उलट १९९९ नंतर आलेली डब्ल्यूडीजी-४, डब्ल्यूडीपी-४ ही दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या, ईएमडीच्या आराखड्याची. ती दणकट आहेत, भरवशाची आहेत, पण तुम्ही ज्याच्या शोधात आहात ते हे नव्हे.

दोन घराण्यांतला फरक डोळे मिटूनही कळतो. अल्कोचं यंत्र फोर-स्ट्रोक. उभं असताना त्याचा आवाज एकसंध नसतो; गडगड, गडगड, मध्येच एखादा ठोका दबल्यासारखा, आणि फलाटाच्या फरशीतून तो तळपायाला जाणवतो. ईएमडीचं यंत्र टू-स्ट्रोक, त्याचा आवाज सलग घुमत राहतो. आणि धूर! अल्को गाडी उचलताना पाहायचं तर नजर छतावर ठेवा. लोको पायलट हँडल पहिल्या खाचेत सरकवतो, तेव्हा फारसं काही होत नाही. दुसरी, तिसरी खाच आली की डिझेलचा पुरवठा लगेच वाढतो, पण हवा दाबून भरणारा टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो, त्याला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. तेवढ्या वेळात इंधन जास्त आणि हवा कमी, म्हणून काळा लोट सरळ वर जातो. मग टर्बोची शीळ चढत जाते, धूर आधी करडा होतो, मग जवळजवळ दिसेनासा होतो, आणि तोवर गाडीचे डबे हलायला लागलेले असतात. एकूण खाचा आठ. चढावर आठव्या खाचेत ओढणारं अल्को ज्यानं जवळून ऐकलं, त्याला पुढे नाव वाचायची गरज पडत नाही.

डोळ्यांनी पक्की खूण हवी असेल तर चाकांकडे बघा. बोगी म्हणजे इथं डबा नव्हे, इंजिनाखालचा चाकांचा सांगाडा. जुन्या अल्कोच्या एका बोगीला तीन आस, म्हणजे चाकांच्या तीन जोड्या असतात, पण त्यांतलं अंतर सारखं नसतं. दोन जवळ, एक जरा लांब. आतल्या मोटारी कशा बसवल्या आहेत त्यामुळे हे होतं. ईएमडीच्या बोगीत तो ढळढळीत फरक दिसत नाही. गाडी वेगात असली तरी बाजूनं काढलेल्या एका फोटोत हे नंतर मोजता येतं. दुसरी खूण म्हणजे केबिन एकाच टोकाला आणि पुढे-मागे दोन नाकं, एक आखूड, एक लांब; पण ती एकटी पुरत नाही, कारण ईएमडीच्याही बऱ्याच इंजिनांत ती दिसते. लांब नाक पुढे करून इंजिन आलं की समजा पायलटला समोरचं बरंच कमी दिसतंय, तो डब्याएवढ्या लांबीच्या यंत्राच्या बाजूनं डोकावतोय.

रंगावर मात्र विसंबू नका. प्रत्येक शेडचे, म्हणजे इंजिनं ठेवण्या-दुरुस्तीच्या ठिकाणाचे, रंग वेगळे होते, आणि तेही बदलत गेले. नंबर जास्त खरं बोलतो. ११ ने सुरू होणारा पाच आकडी नंबर डब्ल्यूडीएम-३डी चा, १२ चा डब्ल्यूडीजी-४ चा, १३ चा डब्ल्यूडीजी-३ए चा, २० आणि ४० चे डब्ल्यूडीपी-४ कुळातले. १६, १७, १८ ने सुरू होणारे मूळचे डब्ल्यूडीएम-२. पण त्यातली बरीच पुढे शक्ती वाढवून ३ए केली गेली, तेव्हा नंबर तोच राहिला. म्हणून नंबर आणि वर्ग दोन्ही टिपायचे. मीटरगेजच्या वायडीएम-४ चे नंबर सहा हजारांतले. याशिवाय अंगावर शेडचं नाव आणि शेवटची मोठी दुरुस्ती कुठं, कधी झाली तेही रंगवलेलं असतं, आणि केबिनखाली बांधणीची धातूची पाटी असते. पाटीवरचं साल हेच इंजिनाचं वय.

आता विदर्भात हे कुठं दिसणार? प्रवासी गाड्यांमागे धावण्यापेक्षा जिथं विजेचं इंजिन जाऊ शकत नाही ती ठिकाणं शोधा. पहिलं ठिकाण म्हणजे नव्यानं होत असलेले मार्ग. रूळ आधी पडतात, तारा सहसा नंतर येतात, आणि मधल्या काळात खडी, स्लीपर, रूळ वाहणाऱ्या गाड्यांना डिझेलशिवाय पर्याय नसतो. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, पुढचं काम चालू आहे. इतवारी–नागभीड ही आपली शेवटची मोठी नॅरोगेज २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाली आणि तिचं रुंदीकरण हाती घेतलं. उमरेड, भिवापूरकडच्या कुणी आपल्या वावराच्या धुऱ्यावरून हे काम बघितलं असेल त्यांनी नोंदी ठेवाव्यात असं मला मनापासून वाटतं. दुसरं ठिकाण, मुख्य मार्गावरचा पॉवर ब्लॉक. तारांचं काम करायला वीज बंद केली की कामाच्या गाड्या डिझेलवरच चालतात. तिसरं, मोठ्या स्थानकांच्या कडेला अपघात मदत गाडी उभी असते, तिथं आणि यार्डातल्या शंटिंगला. चौथं म्हणजे औष्णिक वीज केंद्रं, कोळसा आणि सिमेंटच्या साइडिंग. पारस, कोराडी, चंद्रपूर, तिकडे गडचांदूरचा पट्टा. अशा उद्योगांकडे १,४०० अश्वशक्तीच्या डब्ल्यूडीएस-६ सारखी शंटिंगची इंजिनं असतात, तीही अल्कोच्याच कुळातली. मात्र कारखान्याच्या कुंपणाच्या आत जायचं नाही, आत कॅमेरा रोखायचा नाही. रस्त्यावरच्या फाटकावर थांबा, वाघिणींची रांग बाहेर येते तेव्हा दिसेल तेवढं पुरे.

आता ज्याच्यासाठी हे एवढं लिहितोय ते. अकोला–अकोट–खंडवा मीटरगेज तुमच्या वडिलांनी नक्की पाहिली असेल. जयपूरहून अजमेर, रतलाम, इंदूर, खंडवा, अकोला, पूर्णा करत हैदराबादेत काचीगुड्याला जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस याच मार्गावरून धावायची. धुळघाटाला रूळ स्वतःलाच वळसा घालून, स्वतःच्याच वरून जात चढ चढायचे. १ जानेवारी २०१७ पासून अकोला–अकोट मीटरगेज बंद झाली. पुढे ब्रॉडगेज झाली ती अकोटपर्यंत, आणि मेळघाटच्या जंगलातला जुना मार्ग सोडून रूळ बाहेरून वळवायचं ठरलं. म्हणजे धुळघाटाच्या त्या वळशावर गाडी परत दिसणार नाही.

पण याच लांबलचक मीटरगेजचा एक तुकडा जिवंत ठेवला आहे. महूजवळचा पातालपाणी ते कालाकुंड, सुमारे साडेनऊ किलोमीटर. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी (दुसरे) खंडवा–इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते, त्या होळकर स्टेट रेल्वेचा हा घाट. १८७० च्या दशकातलं बांधकाम, चार बोगदे, चढ चाळीसाला एक, म्हणजे दर किलोमीटरला पंचवीस मीटर उंची. २५ डिसेंबर २०१८ पासून इथं हेरिटेज गाडी सुरू झाली, आणि तिला ओढतं वायडीएम-४. सहा सिलिंडरचं अल्को यंत्र, सुमारे ७२ टन वजन, १,३५० अश्वशक्ती. अकोटच्या फलाटावर जे उभं राहायचं तेच कूळ. तुम्ही इंग्लंडच्या व्हिडिओंत जे शोधताय, म्हणजे जुन्या डिझेलमागे लावलेली सहलीची गाडी, ती हीच आहे. आणि अकोल्याहून ती इंग्लंडपेक्षा पुष्कळ जवळ आहे.

तिथं गेल्यावर बहुतेक लोक एक गोष्ट उलटी करतात. जाताना खिडकीसाठी धडपडतात आणि येताना दमून गप्पा मारत बसतात. पातालपाणी वर आहे, कालाकुंड खाली दरीत. जाताना गाडी उतारावर असते, तेव्हा इंजिनाचं काम गाडी आवरून धरण्याचं. इंजिन ऐकायचं ते परतीला. कालाकुंडहून निघताना इंजिनाच्या जवळच्या डब्यात, दरीच्या नव्हे, डोंगराच्या बाजूच्या खिडकीशी बसा, कारण आवाज कड्यावर आपटून परत येतो. पहिल्या वळणाआधीच खाचा वाढत गेलेल्या कळतील. सोळा सिलिंडरच्या मोठ्या भावासारखा जाडजूड गडगडाट इथं नाही. प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो, आणि वेग इतका कमी की ठोके मोजता येतात. बोगद्यात शिरताना खिडकी ओढून घ्या, धूर आत येतो. कालाकुंडला गाडी थांबते तेव्हा पळसाच्या पानावर कलाकंद मिळतो, तो खा, पण इंजिन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेऊन जोडतात ते पाहायचं चुकवू नका. कपलिंग लागताना, ब्रेकचा पाइप जोडताना, हवा भरल्याची चाचणी होताना इतक्या जवळून दुसरीकडे पाहायला मिळत नाही. जायचा काळ म्हणजे पावसाळा आणि त्यानंतरचे दोन महिने. गाडी रोज नसते, हंगामानुसार वार बदलतात, कधी बंदही असते. आरक्षण हातात आल्याशिवाय अकोल्याहून निघू नका.

याच्याखेरीज नॅरोगेजसाठी कालका–शिमला आहे. शकुंतलेच्याच अडीच फुटी रुंदीचे रूळ, ९६ किलोमीटर, आणि पुढे झेडडीएम-३ जातीची ७०० अश्वशक्तीची इंजिनं. नागपूर–छिंदवाडा, नागपूर–नागभीड मार्गांवरच्या इंजिनांचे हे सख्खे नातेवाईक. यांच्यात चाकांना जोर मिळतो तो विजेच्या मोटारीतून नाही, फिरत्या तेलातून जोर पोचवणाऱ्या ट्रान्समिशनमधून. म्हणून गाडी उचलताना यंत्राचा सूर आधी चढतो आणि गाडी मागाहून हलते. माथेरान आपल्या राज्यातच आहे, तिथली दोन फुटी एनडीएम इंजिनं चिमुकली आणि फार वेगळी. जुनी एनडीएम-१ जर्मनीच्या युंग कंपनीनं १९५० च्या दशकात बनवलेली. पावसाळ्यात नेरळहून गाडी नसते, फक्त वर अमन लॉज ते माथेरान चालते. निलगिरीला लोक वाफेसाठी जातात, पण कुन्नूर ते उदगमंडलम हा वरचा टप्पा वायडीएम-४ चाच आहे.

राजस्थानात मारवाड ते खामलीघाट २०२३ च्या ऑक्टोबरपासून जी हेरिटेज गाडी चालते तिचं इंजिन डिझेलचंच आहे, पण वरून वाफेच्या इंजिनाचं रूप चढवलेलं. लोकांना ते आवडतं, लेकरं खूश होतात, हे मान्य. मला ते पटत नाही. वायडीएम-४ नं आरवलीत, सातपुड्यात जे काम केलं ते तिच्या स्वतःच्या चेहऱ्यानं केलं. तोच चेहरा लोकांसमोर यायला हवा.

नागपुरातलं मोतीबाग नॅरोगेज संग्रहालय मात्र आधी पाहून घ्या. कडबी चौकाजवळ आहे, २००२ च्या डिसेंबरात सुरू झालं. सातपुड्यातल्या नॅरोगेजचं सगळं जग तिथं एकत्र दिसतं. चाकं, कपलिंग, केबिन हे हात लावता येईल इतक्या जवळून बघितलेलं असलं की नंतर पळत्या गाडीत काय शोधायचं ते डोळ्यांना आपोआप कळतं.

उभं कुठं राहायचं याबद्दल. भुसावळ–बडनेरा–वर्धा हा मार्ग बहुतांशी पूर्व-पश्चिम जातो. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे, म्हणून रुळांच्या दक्षिणेला उभं राहिलं की बोगीवर, पाटीवर ऊन पडतं. मे अखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो, सकाळ-संध्याकाळ तर चांगलाच. तेव्हा उत्तरेची बाजू घ्या. उन्हाळ्यात सकाळी नऊ-दहानंतर लांबचा फोटो काढूच नका. खडी तापते, झळा उठतात आणि पाटीवरचा नंबर पाण्यात हलल्यासारखा पुसट येतो. कितीही महागडा कॅमेरा असो, त्यावर इलाज नाही. डिसेंबर-जानेवारीची सकाळ सगळ्यात चांगली. हवा स्थिर, धूर ठळक, आवाज लांबून येतो, आणि कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्यांवरून नजर मोकळी जाते.

रुळांवर किंवा रुळांच्या कडेच्या खडीवर जायचं नाही. परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण कायद्यापेक्षा मोठं कारण सांगतो. विजेची गाडी डिझेलसारखी गडगडत येत नाही. तुम्ही एका बाजूच्या डिझेलच्या आवाजात गुंग असताना दुसऱ्या रुळावरून ताशी शंभरच्या पुढे वेगानं एक्सप्रेस येते आणि ती ऐकूच येत नाही. तारांवर २५,००० व्होल्टचा दाब असतो, त्यामुळे डब्यावर, खांबावर चढणं, मोबाइलची लांब काठी वर करणं हे सरळ जीवावर बेतणारं आहे. उड्डाणपूल, फाटकाबाहेरचा रस्ता, शेतमालकाला विचारून त्याचा धुरा, आणि स्थानकात फलाट तिकीट काढून फलाट, एवढ्या जागा भरपूर आहेत. स्टेशन मास्तरांना आधी भेटा, काय करताय ते सांगा. रूळ तपासत फिरणारा कीमन, फाटकावरचा गेटमन या माणसांशी ओळख ठेवा. कामाची गाडी कधी येणार हे कोणत्याही ॲपवर नसतं, ते त्यांना माहीत असतं. त्यांच्या ड्युटीत अडथळा न आणता विचारलं तर आपुलकीनं सांगतात.

नोंदवही ठेवा, कागदाचीच. तारीख, वेळ, ठिकाण, दिशा, इंजिनाचा वर्ग आणि नंबर, शेड, बांधणीचं साल, मागे किती डबे किंवा वाघिणी, आणि कोणतं टोक पुढे होतं. आवाज नोंदवायचा तर मोबाइल हातात धरू नका, भिंतीवर किंवा खांबाच्या आडोशाला ठेवा आणि गाडी येण्याआधी दोन मिनिटं चालू करा. जवळ आल्यावर सुरू केलं तर मोबाइल आवाज दाबून टाकतो आणि इंजिन उभं असतानाचा व निघतानाचा फरकच हरवतो.

आणि एक काम तुम्ही अकोटमध्ये बसून या आठवड्यात सुरू करू शकता. अकोट, अडगाव, हिवरखेड, तिकडे अंजनगाव, दर्यापूर, मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा, इकडे पुलगाव–आर्वीची बाजू, या गावांत घरोघरी जुने अल्बम आहेत. लग्नाला निघालेलं वऱ्हाड स्टेशनवर, बदली होऊन निघालेल्या गुरुजींचा निरोप, असे फोटो. त्यांच्या मागे कोपऱ्यात इंजिन उभं असतं आणि बरेचदा नंबरही वाचता येतो. फोटो मूळ मालकाकडेच राहू द्या, सपाट ठेवून दिवसाच्या उजेडात त्याची प्रत काढा, आणि कोण, कुठं, साधारण कोणत्या साली हे घरातल्या मोठ्या माणसाच्या तोंडून विचारून लगेच वहीत लिहा. १९९४ नंतरची शकुंतला आणि २०१७ आधीची अकोट मीटरगेज यांच्यापासून सुरुवात करा. त्या इंजिनांवर काम केलेले पायलट आणि फिटर काका अजून आपल्यात आहेत, नंबर वाचून दाखवला की त्या इंजिनाचा ब्रेक कसा धरायचा, कोणत्या चढावर ते दम खायचं, सगळं सांगतात.